यामाहा ब्लास्टर क्वाडचं इंजिन जाम झालंय, सरळ बोअर मारून घेऊ का? (पलूस, सांगली)

कृष्णाकाठचा_गडी
मंडळी राम राम. पाचगणीकडं एका फार्महाऊसवर यामाहा ब्लास्टर (चार चाकांची क्वाड बाईक) पडून होता, मामांच्या ओळखीनं मिळाला, आता पलूसला आमच्या मळ्यात आणलाय. १९५ सीसी टू-स्ट्रोक, एअर कूल, सहा गिअर, नुसती किक, रिव्हर्स बिव्हर्स काय नाय. आणला तवा चालू होता, धूर एकदम कमी आणि पळायला लई तेज, पोरं सगळी खूष. मग एका दुपारी उसाच्या कडंनं फुल थ्रॉटलमध्ये ओढताना आवाज बदलला, कोरडा कोरडा झाला आणि मागची चाकं जाग्यावर लॉक. थंड झाल्यावर किक हलते पण मधेच अडकते.

हेड आणि बोअर (सिलेंडर) खोलून बघितलं तर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे हायत आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला चिकटलंय. गावातला मिस्त्री म्हणतोय बोअर मार, म्हणजे सिलेंडर आतनं कापून मोठा कर, पुढच्या साइजचा पिस्टन टाक, विषय संपला. पिस्टन इथं मिळत नाय, बाहेरनं मागवायचा म्हणजे पैसे पण जाणार आणि वाट पण बघावी लागणार, म्हणून आधी इथं विचारतोय. मारू का बोअर?

आरएक्सवेडा_कराड
मार की भावा. यामाहाच्या आरएक्स बाईकला आम्ही तेच करतो. टू-स्ट्रोकमध्ये आहे काय, ना व्हॉल्व्ह ना कॅम, पिस्टन सेट टाकला की गाडी नवी. बोअर करून आण, पहिल्या टाकीत टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं) जरा सढळ हातानं टाक आणि पळव.

प्रियावाले_काका
गडीसाहेब, जरा थांबा. बोअर मारावाच लागेल, त्याबद्दल वाद नाही. पण जाम का झाला ते न शोधता नवा पिस्टन घातलात तर तो त्याच उसाच्या कडेला परत जाम होणार, आणि मिस्त्री परत तेच सांगणार. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, टू-स्ट्रोकचे जाम पिस्टन भरपूर पाहिलेत. पिस्टन हातात घेतला की बरंच काही तोच सांगतो.

चारही बाजूला सारखे चार पट्टे उमटले असतील तर इंजिन गरम न करता एकदम पिळलंय, पिस्टन फुगला आणि बोअर अजून थंड होता असं समजायचं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर तिथं ऑइलचा थर तुटलाय, म्हणजे एकतर मिक्श्चर लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) उष्णता वाढली किंवा ऑइलच कमी पडलं. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं.

आता एवढं सांगा. प्लगचा रंग काय आहे? थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली यायचा की वरच लोंबकळत राहायचा? गिअर ऑइल कमी होत होतं का? कार्बोरेटरमध्ये मेन जेट (ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो) कंपनीचाच आहे का? ऑइल पंप चालू आहे की काढून टाकलाय? आणि “धूर एकदम कमी, पळायला लई तेज” असं जे लिहिलंय ना, मला शंका तिथंच आली. लीन झालेलं इंजिन जाम व्हायच्या आधी असंच खुशीत पळतं.

कृष्णाकाठचा_गडी
काका बरोबर नस पकडली. प्लग पांढराफट हाय. थ्रॉटल सोडला की आरपीएम वरच राहायचा, मग हळूहळू खाली यायचा, आम्हाला वाटलं केबल अडकतीय म्हणून केबलला ऑइल सोडलं. गिअर ऑइल बरोबर हाय. पंप आधीच्या मालकानं काढलाय, तोंडाला पत्रा मारून बंद केलंय, पेट्रोलमध्येच ऑइल टाकायचं असं सांगितलेलं. जेटचं त्यांच्या माळ्याला विचारलं, तो म्हणला वर पाचगणीला प्लग सारखा काळा पडायचा, म्हणून कुणीतरी बारीक जेट घातला.

प्रियावाले_काका
झालं तर मग, दोन संशयित सापडले. तिसराही निघेल.

पहिला जेट. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, तुमचं पलूस साडेपाचशेच्या आसपास. एवढं खाली उतरल्यावर हवा सातेक टक्के दाट होते. इंजिनात हवा तेवढी जास्त भरते, पण जेटमधून येणारं पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. वर बारीक जेट घालून बरोबर केलेली गाडी घाट उतरून आणली की आपोआप लीन. महाबळेश्वर-पाचगणीच्या सगळ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं हेच असतं, तिथं जुळवलं तर इथं बिघडतं.

दुसरा मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं क्रँकचं ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर जाताना खाली ओढ निर्माण होते, त्या ओढीनं कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं आणि पिस्टन खाली येताना तेच वर ढकललं जातं. सील फाटलं असेल तर त्या ओढीबरोबर बाहेरची कोरडी हवा पण आत येते, ती कार्बोरेटरमधून आलेली नाही म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही. आरपीएम लोंबकळायचं कारण बहुतेक तेच. क्लचच्या बाजूचं सील गेलं की उलटा प्रकार, ते गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर निघतो आणि लेव्हल खाली जाते. तुमची लेव्हल ठीक आहे म्हणजे ते सील बहुधा शाबूत.

पण बहुधा म्हणून चालत नाही, दाब टाकून बघा. इंजिन अजून पूर्ण खोललं नसेल तर खोलू नका.

आरएक्सवेडा_कराड
काका दाब टाकून म्हणजे? कॉम्प्रेशन गेज?

प्रियावाले_काका
नाही, कॉम्प्रेशन गेज पिस्टनच्या वरचं सांगतं, आपल्याला खालचं बघायचंय. बोअर आणि हेड परत तात्पुरतं बसवायचं. सायलेन्सरच्या तोंडाला जाड रबराची पट्टी आणि वर पत्रा लावून बोल्ट आवळायचे. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरी बूटमध्ये घट्ट बसेल असं बूच घालून क्लिप आवळायची. पिस्टन सगळ्यात खाली न्यायचा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (खालचं मिश्रण वर जायची भोकं) उघडे राहतात आणि वरची-खालची जागा एक होते. मग प्लगच्या भोकातून हवा भरायची. कंप्रेसर लावू नका, चांगली सीलं पण उडतील. सहा पीएसआय बास.

हवा भरायला जुनं बीपीचं मशीन घ्या, काट्याचं. ३०० पर्यंत काटा गेला की साधारण ५.८ पीएसआय होतात. नॉब बंद करून घड्याळ लावा. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत फिरायचं, बूट, बोअरखालचं पॅकिंग, केसचा जोड, मॅग्नेट काढून त्याच्या मागचं सील. बुडबुडे जिथं येतील तिथून हवा जातीय.

माणदेशी_माणूस
क्वाडचा बीपी बघणारी पहिली ओपीडी. मीठ कमी करायला सांगा त्याला.

कृष्णाकाठचा_गडी
आज्जीचं मशीन आणलं. 😄 मॅग्नेट काढायला पुलर लागला, मिस्त्री हातोडी घेऊनच आलेला त्याला चहा पाजून परत पाठवला.

रिझल्ट: ३०० ला नेऊन नॉब बंद केला तर काटा डोळ्यांदेखत पडला. मॅग्नेटमागच्या सीलभोवती मोठे मोठे बुडबुडे, साबणाचा फेसच. कार्बोरेटरचा बूट पण वाकवून बघितला तर खालच्या बाजूला बारीक तडा, तिथंपण बुडबुडे. क्लचकडं गिअर ऑइलच्या ब्रीदरला नळी लावून पाण्यात धरली, काय नाय, कोरडं. म्हणजे ते सील चांगलं हाय.

प्रियावाले_काका
उत्तम. ब्रीदरची नळी पाण्यात धरायचं तुम्ही स्वतः डोकं लावलंत, शाबास. आता इंजिन पूर्ण खोला. पिस्टन घासलाय म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा खाली बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) बेअरिंगमध्ये गेलेला असणार, नुसता बोअर बदलून तो निघत नाही. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढा. आडवा थोडा हलला तर चालतो, उभ्या दिशेत जरासुद्धा प्ले लागला तर रॉड किट.

केस उघडताना दोन भागांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ह्याला मधे कागदी पॅकिंग नाही, नुसत्या सीलंटवर दोन सपाट पृष्ठं बसतात, तिथं एक खाच पडली की परत हवा. आणि जपानी स्क्रूंना साधा स्टार घसरतो, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि बरोबर बसणारी बिट वापरा.

रसायनवाल्या_ताई
बोअरला चिकटलेल्या ॲल्युमिनियमबद्दल लिहिते. मेकॅनिक लोक ते काढायला बाथरूमचं ॲसिड वापरतात, हायड्रोक्लोरिक. ते चालतं, कारण ॲल्युमिनियम त्यात पटकन विरघळतं आणि लोखंडावर ते तेवढ्या वेळात फारसं काही करत नाही. पण ब्लास्टरच्या बोअरला ओतीव लोखंडाची स्लीव्ह आहे म्हणून चालतं, कोटिंगवाल्या बोअरला अजिबात लावायचं नाही. कानकाडीनं फक्त चिकटलेल्या जागेवर लावा, पोर्टमधून बाहेरच्या ॲल्युमिनियमवर गेलं तर तेही खाईल. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि जवळ बिडी-काडी नको कारण ह्यात हायड्रोजन सुटतो. बुडबुडे थांबले की खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग लगेच पुसून ऑइल. ऑइल लावायला उशीर केला तर स्लीव्ह डोळ्यांसमोर गंजते.

आणि काका तिसरा संशयित म्हणाले तो मी सांगते. पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे ई२० ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवर सांभाळून घेते, ह्या कार्बोरेटरला काय कळणार, तो जुन्या हिशोबानंच सोडतो. म्हणजे अजून थोडं लीन. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये खाली पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसू शकतं, आणि मेन जेट बरोबर तळालाच असतो.

माणदेशी_माणूस
ऊस पण आपला, कारखाने पण आपले, आणि शेवटी ब्लास्टर पण आपलाच जाम. मळ्यात सोडलेला रस टाकीतून परत आला म्हणायचा.

मिरजेचा_टर्नर
बोअरचं मी बोलतो, रोजचं काम हाय. पहिली गोष्ट, पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर कुणाकडं टाकू नको. लोकं येतात, पॉइंट पाचचा मारून ठेवा पिस्टन मागवलाय म्हणतात. मग पिस्टन येतो तो त्याच नंबरचा पण मापात थोडा इकडं तिकडं, आणि शिव्या टर्नरला. पिस्टन मायक्रोमीटरनं स्कर्टला (खालच्या घेराला) मोजायचा, पिनच्या काटकोनात, तळापासून कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर. त्याच्यात कागदावरचा क्लिअरन्स मिळवायचा, तेवढा बोअर. कास्ट पिस्टनचा वेगळा, फोर्ज्डचा जास्त, एकाचं माप दुसऱ्याला लावायचं नाय.

ओरिजिनल बोअर ६६ मिमी आहे. वीस अंशाच्या फरकानं ६६ चं लोखंड जवळजवळ ०.०१५ मिमी फुगतं. म्हणजे दुपारी उन्हातनं आणलेला सिलेंडर आणि एसी ऑफिसातनं आलेला पिस्टन एकत्र मोजला तर माप गेलं. दोन्ही रात्रभर एकाच टेबलावर ठेव आणि सकाळी मोज. बोअर वर, मधे, खाली आणि दोन्ही दिशांना बघायचा, टेपर आणि ओव्हल दोन्ही कळतं.

बोअर झाल्यावर होनिंग (दगडानं बारीक घासणी), क्रॉस रेषा दिसल्या पाहिजेत. आणि हे बरेच जण विसरतात, पोर्टच्या कडा फोडून घे. बोअर मारल्यावर पोर्टची कड ब्लेडसारखी राहते, रिंग त्याच्यात अडकली की तुटते आणि तुकडा थेट सायलेन्सरात. शेवटी साबण आणि गरम पाण्यानं घासून धू, पांढरा कपडा फिरवून काळा येईना झाला की बास. डिझेलनं धुऊन होनिंगची पूड निघत नाय.

पलूसला आहेस तर लांब कुठं जायचं कारण नाय. शेजारी किर्लोस्करवाडी, १९१० पासनं तिथं कारखाना, त्या पट्ट्यात हाताला वळण असलेला टर्नर घराआड सापडंल. फक्त बोअर गेज आहे का विचार. बोटानं चाचपून “बसतोय मस्त” म्हणणारा असला तर परत फिर.

आरएक्सवेडा_कराड
रिंगचा गॅप किती ठेवायचा दादा? आम्ही कधी बघितलाच नाय, बॉक्समधनं काढली की टाकली.

मिरजेचा_टर्नर
ढोबळ माप बोअरच्या हजाराला चार, म्हणजे ६६ ला ०.२६. ०.३० च्या आसपास आला तर मी समाधानी, शेवटचा शब्द कागदाचा. रिंग बोअरमध्ये पिस्टननंच सरळ ढकलायची आणि फीलर गेज घालायचा. कमी असला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकाला भिडतात. बसवताना रिंगची टोकं पिस्टनवरच्या बारीक पिनेला धरूनच आली पाहिजेत, टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरून चालत नाय, टोक पोर्टमध्ये जाईल.

प्रियावाले_काका
पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. गजन पिनची लॉकं नवीनच, जुनी वाकवून परत घालू नका, आणि लॉकचं तोंड वर किंवा खाली, आडवं नको. लॉक घालताना क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबा, ते उडून आत गेलं तर परत सगळं खोलणं आलं.

कृष्णाकाठचा_गडी
अपडेट. रॉडला उभा प्ले होता, हलका पण होता. किट मागवली, क्रँक कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर दाबून घेतला. त्यांनी दोन सेंटरमध्ये धरून डायल लावली, आधी काटा लई नाचत होता, मग पितळी हातोडीनं ठोकत ठोकत ०.०३ च्या आत आणला, बघायला मजा आली, कुठं मारायचं ते त्यांना काट्याकडं बघूनच कळतं. रीड व्हॉल्व्हची (मिश्रण एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या झडपेची) पाती उजेडासमोर धरली, एकाचं टोक उडालेलं, ती पण नवीन. बेअरिंग सी३ (आतनं जरा जास्त ढिलाई असलेले) घेतले, दोन्ही सीलं, बूट, पेट्रोलची नळी सगळं नवीन.

केसमध्ये बेअरिंग कसा घालायचा? मिस्त्री म्हणतोय पाइप लावून ठोकू.

प्रियावाले_काका
ठोकू नका. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, पिशवीत गुंडाळून. केस हॉट प्लेटवर किंवा हीट गननं सगळीकडून सारखी तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झालं की बास, एका जागी ज्योत धरू नका. बेअरिंग स्वतःच्या वजनानं खाली बसतो, फक्त सरळ सोडा आणि बाहेरची रिंग तळाला टेकली का बघा. सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावून घाला. सीलंट अगदी पातळ थर, जास्त लावलं की आत निघून ऑइलची भोकं बुजवतं. आणि सगळं जोडल्यावर परत आज्जीचं मशीन. हे टाळू नका, कार्बोरेटर बसवायच्या आधी.

आरएक्सवेडा_कराड
आणि पहिल्या टाकीला ऑइल डबल टाक.

प्रियावाले_काका
हेच नको. जेटच्या भोकातून ठराविकच माल जातो. त्यात ऑइल वाढवलंत तर तेवढं पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिक्श्चर अजून लीन, वर प्लग काळा पडून फसवतो तो वेगळाच. ३२ ला १ धरा आणि मोजून टाका, पाच लिटरला १५६ मिली. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज घ्या. झाकणानं अंदाजे नको.

कृष्णाकाठचा_गडी
जोडलं. मशीन लावलं, काटा ३०० वरनं हललाच नाय म्हणा की. कंपनीच्या नंबरचा मेन जेट मिळाला, काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं त्याच्या वरचा पण एक घेतलाय आणि सुरुवातीला मोठाच टाकलाय. किक मारली, चालू झाला!! आयडल मस्त. पण थ्रॉटल दिला की एका ठिकाणी जाऊन फडफड करतो, वर चढतच नाय. जेट लई मोठा झाला का?

प्रियावाले_काका
पार्किंग ब्रेक सोडलाय का? ह्याच्यात ब्रेक लावलेला असताना आरपीएम अडवायची सोय आहे, इग्निशनच तोडतं.

कृष्णाकाठचा_गडी
सोडलाय की. पण लिव्हरपाशी जो स्विच हाय तो चिखलानं आतच रुतून बसलेला, ब्रेक सोडला तरी त्याला कळतच नव्हतं. साफ केला, आता वरपर्यंत सरळ जातो. काका तुम्ही नसता तर आज परत कार्बोरेटर खोलला असता.

माणदेशी_माणूस
आता सगळे मिळून कासला घेऊन चला.

रसायनवाल्या_ताई
चुकूनही नको. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथली माती इंचभर असते आणि चाकाखाली गेलेलं गवत-फूल लवकर परत येत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर पण तसंच. ह्याला पासिंगही नाही, रस्त्यावर काढू नका. मळा आहे ना एवढा मोठा.

कृष्णाकाठचा_गडी
नाय ताई, मळ्यातच. बांध सोडून कुठं नेत नाय.

प्रियावाले_काका
आता रनिंग. पहिल्यांदा चालू करून हेड हाताला गरम लागेपर्यंतच ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं थोड्या वेळा केलं की हेडचे नट थंड इंजिनवर टॉर्क रेंचनं परत बघा, पॅकिंग बसलं की ते ढिले पडतात. मग अर्ध्या थ्रॉटलच्या आत, एकसारखं न चालवता कमी-जास्त करत. उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरवर उतरू नका, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद.

जेट ठरवायचा तो फुल थ्रॉटलमध्ये सरळ ओढून, तिथंच क्लच दाबून इंजिन बंद करून, प्लग काढून. आयडलवर गावभर फिरून आलेला प्लग मेन जेटबद्दल काही सांगत नाही. फिका तपकिरी हवा. वरच्या टोकाला थोडी फडफड आली तर तो रिच (पेट्रोल जास्त) आहे, एक नंबर खाली या, पण पांढऱ्याकडे झुकला की तिथंच थांबा आणि परत एक वर. हे थंडीच्या सकाळी करा, तेव्हा हवा सगळ्यात दाट असते, तेव्हा जमलं तर उन्हाळ्यात धोका नाही.

कृष्णाकाठचा_गडी
मोठाच जेट ठेवला. प्लग तपकिरी, जरा गडदकडं. धूर आधीपेक्षा दिसतोय आणि तेवढा तेज पण वाटत नाय, पोरं कुरकुर करतायत पण करू देत. नट परत बघितले, दोन ढिले होते. दर वापरानंतर पेट्रोल कॉक बंद करून बाऊल मोकळा करतोय.

आरएक्सवेडा_कराड
काका मी पण काल आरएक्सला बीपी मशीन लावलं. काटा पडतोय पण साबण लावून कुठंच बुडबुडा येईना.

प्रियावाले_काका
सायलेन्सरच्या तोंडाची रबराची पट्टी आधी बघा, बऱ्याचदा हवा तिथूनच जाते आणि आपण इंजिनला दोष देतो. ती बरोबर असेल तर मॅग्नेट काढलाय का? मॅग्नेट जागेवर ठेवून त्याच्या मागचा बुडबुडा कसा दिसणार.

आरएक्सवेडा_कराड
पुलर नाय माझ्याकडं.

कृष्णाकाठचा_गडी
ब्लास्टरचा पुलर आरएक्सला बसतो का माहीत नाय, मॅग्नेटचा आटा मोजून सांग. बसत असला तर रविवारी ये पलूसला, मशीन पण इथंच हाय.